धडा उघडण्याआधीची आठ मिनिटे

मराठीचा तास, नवा धडा. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडे 'कठीण शब्द', उजवीकडे 'अर्थ'. अठरा-वीस शब्द भराभर उतरतात, मुले माना खाली घालून ते वहीत उतरवतात, काही वर्गांत तर प्रत्येक शब्द पाच-पाच वेळा. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली वीस मिनिटे इथेच संपतात आणि धडा उद्यावर जातो. उद्या वाचताना तेच मूल त्याच शब्दापाशी थांबते आणि वहीची मागची पाने चाळू लागते.

वाचनाआधी अवघड शब्दांची ओळख करून द्यावी, हा विचार चुकीचा नाही. बिघडते ते प्रमाण, त्याहून जास्त बिघडते ती निवड, आणि अर्थ सांगण्याची रीत तर जवळजवळ सगळीकडेच बिघडलेली असते. माझ्या मते हे काम आठ मिनिटांचे आहे. त्यात पुरता वेळ देऊन शिकवायचे शब्द तीन, फार तर पाच. बाकीच्यांतले काही चित्रावर भागवायचे, काहींचा अर्थ वाचता वाचता चार शब्दांत सांगायचा आणि काही चक्क मुलांवर सोडून द्यायचे. ही वाटणी वर्गात उभ्या उभ्या जमत नाही. ती आदल्या संध्याकाळी, पुस्तक आणि पेन्सिल घेऊन बसल्यावरच होते.

सहावीच्या वर्गासाठी एक उतारा घेऊ:

'चैत्र लागला की विहिरीचे पाणी खाली जाई. धोंडिबा पहाटेच मोट जुंपी. बैल धावेवरून उतरू लागले की नाडा ताणला जाई आणि भरलेली मोट वर येई. ती चाकापाशी आली की सोंदूर तिची सोंड थारोळ्याकडे ओढून घेई, पाणी भसाभस पडे आणि पाटाने वाफ्यांत जाई. पाट जागोजागी फुटलेला, त्यामुळे पाण्याचा अपव्यय होई आणि भगदाडे बुजवत राहणे मोठे जिकिरीचे होई. वैशाखात विहिरीने तळ गाठला. धोंडिबाने उसावर पाणी सोडले. जनावरांपुरते कडवळ तेवढे जगवायचे, असे ठरवले.'

जेमतेम सत्तर शब्द. त्यांत शहरातल्या मुलाला अडतील असे सोळा तरी निघतात: मोट, जुंपणे, धाव, नाडा, सोंदूर, सोंड, थारोळे, पाट, वाफा, अपव्यय, भगदाड, बुजवणे, जिकिरीचे, तळ गाठणे, पाणी सोडणे, कडवळ. म्हणजे दर चार-पाच शब्दांमागे एक. इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांवर मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली केलेल्या अभ्यासातून असे दिसले की, गोष्ट कोणाच्या मदतीवाचून नीट कळायची तर त्यातले ९८ टक्क्यांच्या आसपास शब्द वाचकाला आधीच माहीत असावे लागतात. म्हणजे पन्नासांत एक अनोळखी. मराठीत विभक्तीने शब्दाचे रूप इतके बदलते की हे माप जसेच्या तसे लावता येत नाही, पण अंदाज घ्यायला ते पुरते. वीस शब्दांमागे एक अडत असेल तर शिक्षकाच्या मदतीने वाचन निभावते. दहामागे एक अडू लागला की मुले अक्षरे वाचतात, मजकूर वाचत नाहीत. आणि पानोपान अशीच गर्दी असेल तर शब्द शिकवत बसण्यात अर्थ नाही. तो मजकूर शिक्षकाने वाचून दाखवावा, नाहीतर दुसरा निवडावा.

आपला उतारा मात्र वाटतो तितका भीषण नाही, कारण त्या सोळा शब्दांतले निम्मे एकाच वस्तूशी जोडलेले आहेत: मोट, म्हणजे बैलांकरवी विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोठी पिशवी. तिची पाणी सोडणारी नळी म्हणजे सोंड. 'थारोळे म्हणजे मोटेचे पाणी जिथे पडते ती जागा' हा अर्थ बरोबर आहे, पण ज्याने मोट पाहिलेली नाही त्याला तो कुचकामी आहे, कारण अर्थातच पुन्हा मोट बसली आहे. अशा शब्दांना व्याख्या देऊच नये. तीन मिनिटांत फळ्यावर चित्र काढावे. विहिरीचे दोन काठ. एका काठावर दोन खांब, त्यांत चाक. काठापासून लांब जाणारी उतरती रेघ म्हणजे धाव, आणि तिच्यावर बैल. इथे एक चूक हमखास होते: धाव चढती काढली जाते. ती विहिरीकडून बाहेर उतरते, म्हणूनच पाणी ओढताना बैलांच्या वजनाची मदत होते. उताऱ्यातला 'उतरू लागले' हा शब्द तेच सांगतो, पण चित्र चुकले की मुले तो शब्द वाचूनही वाचत नाहीत. चाकावरून मोटेच्या तोंडाकडे जाणारा जाड दोर नाडा, खालून सोंडेकडे जाणारा बारीक दोर सोंदूर. काठ आणि धाव यांच्यामध्ये थारोळे, तिथून निघणारा पाट, पाटाच्या टोकाला चौकोनी वाफे. नावे पाणी ज्या वाटेने जाते त्याच क्रमाने लिहावीत, मजकूरही त्याच क्रमाने जातो. नाडा म्हटल्यावर वर्ग लेंग्याची नाडी आठवून हसतो. हसू द्यावे, दोन्ही दोरच आहेत.

ही आठ नावे मुलांनी पाठ करायची नाहीत. उद्याच्या जगण्यात सोंदूर कुणाला लागणार नाही. उतारा वाचून होईपर्यंत चित्र फळ्यावर राहिले की त्यांचे काम झाले. परीक्षेत 'सोंदूर म्हणजे काय?' असा प्रश्न घालणाऱ्यांशी माझे भांडण आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

वेळ द्यायचा तो अपव्यय आणि जिकिरीचे या शब्दांना. इसाबेल बेक आणि मार्गारेट मॅककिओन या अमेरिकन अभ्यासकांनी शब्दांचे तीन थर सांगितले आहेत. पहिल्या थरात रोजच्या बोलण्यातले शब्द, ते मूल घरूनच घेऊन येते. तिसऱ्यात एखाद्या विषयापुरते किंवा व्यवसायापुरते शब्द. मधल्या थरात असे शब्द येतात जे बोलण्यात फारसे येत नाहीत, पण छापलेल्या मजकुरात, मग तो विज्ञानाचा असो, इतिहासाचा असो की वर्तमानपत्राचा, पुन्हा पुन्हा भेटतात. अपव्यय आज पाण्याचा आहे. उद्या विजेचा, वेळेचा, सरकारी पैशाचा असेल. मिनिटे खर्च करायची ती या थरावर. गंमत म्हणजे कठीण शब्दांच्या याद्यांत तिसऱ्या थराची गर्दी असते, कारण ते शब्द शिक्षकाच्याही डोळ्यांत भरतात. अपव्यय त्याला इतका सवयीचा असतो की तो अवघड आहे हेच ध्यानात येत नाही.

आणि मग 'पाणी सोडणे'. या उताऱ्यातला खरा खड्डा हा आहे. धाव, पाट, सोंड यांत तीच जात थोड्या प्रमाणात आहे: मुलाला शब्द माहीत असतो, पण दुसऱ्याच अर्थाने. धाव म्हणजे पळणे, पाट म्हणजे जेवायला बसायचा, सोंड हत्तीची. अनोळखी शब्द आला तर मूल निदान थांबते, हात वर करते. ओळखीचा शब्द वेगळ्या अर्थाने आला तर ते थांबतच नाही. 'धोंडिबाने उसावर पाणी सोडले' हे वाक्य आधीच्या सहा पाण्याच्या वाक्यांनंतर येते, तेव्हा मूल बिनदिक्कत समजते की उसाला पाणी मिळाले. प्रत्यक्षात उसाची आशा सोडली, हा अर्थ बरोबर उलटा आहे. मग पुढच्या वाक्यातले 'तेवढे' हवेत लटकते, आणि एखादा चौकस मुलगा विचारतो, "बाई, विहीर आटली होती ना, मग पाणी आणलं कुठून?" असा प्रश्न आला तर वर्ग चांगला चालला आहे असे समजावे. बहुतेकदा तो येत नाही.

संदर्भावरून अर्थ लावा, असे आपण मुलांना सर्रास सांगतो. बेक, मॅककिओन आणि एलन मॅककॅस्लिन यांनी १९८३ मध्ये दाखवले की सगळे संदर्भ सारखे मदतीचे नसतात. काही अर्थ नेमका उलगडतात, काही साधारण दिशा देतात, काही गप्प बसतात आणि काही चक्क फसवतात. निवड करताना प्रत्येक शब्दाखाली रेघ मारून विचारावे: इथला संदर्भ यांपैकी कुठला? 'भगदाडे बुजवत' इथे आधीच 'पाट फुटलेला' आहे, मूल अंदाज बांधू शकते, सोडून द्यावे. 'तळ गाठला' तसेच. कडवळ म्हणजे जनावरांच्या चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी, हे वाचता वाचता एका दमात सांगून पुढे जावे. 'उसावर पाणी सोडले' हा फसवा संदर्भ, तो आधीच सांगायला हवा. सांगताना दोन वाक्ये एकाखाली एक लिहावीत: 'मक्याला पाणी सोडले' आणि 'मक्यावर पाणी सोडले'. फरक शब्दाला जोडलेल्या 'ला' आणि 'वर' यांत आहे, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. मग 'त्याने वडिलोपार्जित घराच्या हक्कावर पाणी सोडले' असे तिसरे वाक्य द्यावे, ज्यात पाण्याचा थेंबही नाही. धोंडिबाने नक्की कशावर पाणी सोडले, हे मात्र फोडू नये, ते उताऱ्यासाठी राखून ठेवावे. म्हणूनच फळ्यावरच्या पहिल्या जोडीत ऊस न घेता मका घेतला.

आता अर्थ सांगण्याची रीत. 'अपव्यय – नासाडी', 'जिकिरीचे – त्रासाचे' अशी जोडी लावून दिली की मुले तिचा अगदी तर्कशुद्ध वापर करतात. 'मांजराने दुधाचा अपव्यय केला.' 'माझा धाकटा भाऊ फार जिकिरीचा आहे.' यात मुलांची चूक नाही. समानार्थी शब्द म्हणून जे दिले ते त्यांनी बसवून पाहिले. कधी कधी तर अर्थ मूळ शब्दाहून जड असतो. जिकिरीचे – कष्टप्रद, असे लिहिलेले पाहिले की कोणी कोणाला समजावते आहे ते कळत नाही. त्यापेक्षा सबंध वाक्यात सांगावे: 'एखादे काम अवघड नसते, पण पुन्हा पुन्हा लक्ष घालावे लागते, जीव मेटाकुटीला येतो, तेव्हा त्या कामाला जिकिरीचे म्हणतात.' 'जी वस्तू जपून वापरायला हवी ती गरज नसताना वापरली किंवा वाया जाऊ दिली, तर तो अपव्यय.' लांब वाटेल, पण मांजर यातून आपोआप बाहेर पडते, कारण मांजराने दूध जपून वापरायचे नसते.

एका शब्दाला दीड मिनिट पुरते. आधी शब्द फळ्यावर, मोठ्या अक्षरात, शेजारी धड्यात आलेले रूप. एकदा शिक्षकाने म्हणायचा, दोनदा वर्गाने, कारण जो शब्द तोंडात बसत नाही तो डोळ्यांनाही अडतो. मग सोप्या भाषेतले वाक्य. मग उताऱ्याशी संबंध नसलेले एक उदाहरण, जसे 'जिकिरीचे'साठी: दिवाळीत घरभर पसरलेल्या फराळाला मुंग्या लागू न देणे. मग वर्गासाठी चटपटीत निवाडा: तांदळातले खडे वेचणे, जिकिरीचे की नाही? आंबा खाणे? हजार पाकिटांवर पत्ते लिहिणे? मुलांनी 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे आणि एकाने कारण द्यायचे. कारण देताना शब्द त्याच्या तोंडून येतो, हे महत्त्वाचे. 'वाक्यात उपयोग करा' हा प्रकार इथे नको. शब्द नुकताच भेटलेला असताना त्याचे वाक्य करायला लावले की 'मला जिकिरीचे आवडते' यासारखी वाक्ये येतात आणि दुरुस्त्यांत पाच मिनिटे जातात.

आणखी एक सवय सोडायला हवी. "सांगा बरं, अपव्यय म्हणजे काय?" असा प्रश्न पूर्ण वर्गाला टाकणे. यातून मुले बोलती होतात असा समज आहे. होते असे की सात चुकीचे अंदाज येतात, त्यांतला एखादा मोठ्याने आणि मजेदार असतो, आणि मुलांच्या लक्षात तोच राहतो. माहीत नसलेली गोष्ट सरळ सांगावी. बोलायची संधी निवाड्यात आहेच. घरून शब्दकोश पाहून या, हेही तसेच. मूल पहिला अर्थ उतरवते. धाव समोर पळण्याची क्रिया, पाट समोर बसायचे लाकडी आसन. शब्दकोश पाहायला शिकवावे, जरूर शिकवावे, पण तो वेगळा तास आहे.

धड्यातल्या रूपाचा उल्लेख वर आला, त्यावर जरा थांबायला हवे, कारण मराठीत इथे बरेच सांडते. फळ्यावर 'नाडा' लिहिला आणि धड्यात 'नाड्याला' आले. 'थारोळे' शिकवले आणि पुढे 'थारोळ्यात' दिसले. 'वाफा' सांगितला आणि 'वाफ्यांत' समोर आले. मोठ्या माणसाला ही जोडी आपोआप लागते. वाचनात मागे असलेल्या मुलाला लागत नाही, आणि 'वाफ्यांत' मध्ये त्याला चहाची वाफही दिसू शकते. म्हणून दोन्ही रूपे, आणि सोबत तो, ती, ते यांपैकी जे असेल ते. क्रियापदाचेही तसेच: जुंपणे, आणि धड्यात 'जुंपी'. हे जुन्या वळणाचे रीतिभूतकाळी रूप आहे, आज बोलण्यात आपण 'जुंपायचा' म्हणतो. एवढे एकदा सांगितले की जाई, येई, पडे, घेई हे सगळे एकदमच सुटतात. शब्द एकही नवा नाही, पण नुसत्या या रूपांमुळे बुजणारी मुले पुष्कळ असतात.

संस्कृतातून आलेल्या शब्दांत उपसर्ग हाताशी असतात. अपव्यय, अपयश, अपमान ही मालिका मुलांना आवडते, व्यय म्हणजे खर्च हेही पदरात पडते. पण त्याच दमात कुणीतरी 'अपत्य' आणणारच, आणि तिथे हे गणित बसत नाही. उपसर्ग ही खूण आहे, खात्री नाही, असे सांगून मोकळे व्हावे.

वर्ग कोणता यावरही निवड फिरते. धुळे-नंदुरबारकडच्या भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना, मेळघाटातल्या कोरकू मुलांना विहीर, बैल, चारा यांतले काही नवे नसते. प्रमाण मराठीतले नाव तेवढे नवे असते. तिथे "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" हा पहिला प्रश्न, आणि जे उत्तर येईल ते फळ्यावर मराठी शब्दाच्या शेजारी, त्याच आकारात. वस्तू माहीत आणि नाव नवे, हे दोन सेकंदांचे काम आहे. कोकणातल्या मुलाला रहाट ठाऊक असेल, मोट नसेल. तिथे फरक सांगितला की पुरे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत उलटे घडते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, आणि या वर्गांतल्या पुष्कळ मुलांना अपव्ययाची कल्पना पक्की असते, फक्त ती इंग्रजीत असते. 'वेस्टेज' एवढे म्हटले की दार उघडते. यात कमीपणा मानू नये. दीड मिनिट वाचले, ते 'पाणी सोडणे'ला द्यावे, कारण त्याला इंग्रजी प्रतिशब्द देऊन भागत नाही आणि हीच मुले तिथे सर्वांत जास्त फसतात.

काही ठिकाणी वाचनाआधी शब्द शिकवूच नयेत. विज्ञानात जेव्हा शब्द हीच धड्याची कल्पना असते, तेव्हा आधी अर्थ सांगणे म्हणजे धडा उरकणे. बाष्पोच्छ्वास (पानांतून वाफेच्या रूपाने पाणी बाहेर पडणे) या शब्दाची व्याख्या फळ्यावर लिहून सुरुवात करण्यापेक्षा सकाळी कुंडीतल्या पानांच्या फांदीला पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधावी, कुंडी उन्हात ठेवावी. दोन-तीन तासांनी आत थेंब दिसतात. 'हे पाणी आले कुठून?' हा वाद झाला की मग नाव द्यावे. कवितेतही हात आखडता घ्यावा. आधी एकदा सबंध कविता चालीत कानावर पडू द्यावी, अडलेले शब्द नंतर. शब्दार्थ आधी सांगून वाचलेली कविता मुले अर्थाच्या यादीसारखी वाचतात. आणि विनोदी पाठात ज्या शब्दावर हशा अवलंबून आहे, तो आधी फोडणे हा गुन्हाच.

वाचन झाल्यावर शब्दांचे काय होते, याकडे दुर्लक्ष होते. एकदा भेटलेला शब्द चार दिवसांत विरतो. छोट्या पुठ्ठ्यावर शब्द, धड्यातले रूप आणि मागे सोप्या भाषेतले वाक्य, असे कार्ड करून भिंतीवर लावावे. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि मग पंधरा-वीस दिवसांनी दोन-दोन मिनिटे. त्या वेळी अर्थ विचारू नये, निवाडा विचारावा: 'शाळेचा नळ रात्रभर ठिबकत राहिला', 'आजीने तुळशीला पाणी घातले', यांत अपव्यय कुठे? एका वेळी भिंतीवर पंधराच्या वर कार्डे नकोत. जुनी काढून डब्यात ठेवावीत, नाहीतर भिंत फक्त सजावट होते.

निवड बरोबर होती का, हे वाचनातच कळते. एखादा मुलगा प्रकट वाचन करताना कुठे थबकतो, कुठे आवाज उतरतो, ते पेन्सिलीने शिक्षकाच्या प्रतीत टिंब करून ठेवावे. शेवटी शब्दार्थाचे नव्हे, मजकुराचे दोन प्रश्न विचारावेत: वैशाखात उसाचे काय झाले? धोंडिबाने काय वाचवायचे ठरवले? पहिल्याचे उत्तर चुकले तर 'पाणी सोडणे' नीट पोचले नाही. दोन्ही बरोबर आली आणि तरी भगदाडापाशी पाच टिंबे असतील, तर पुढच्या वर्षी तो शब्द आठ मिनिटांत घ्यायचा आणि जो कुणालाच अडला नाही तो वगळायचा. ही टिंबे असलेली प्रत पुढच्या वर्षी त्या वर्गावर येणाऱ्या शिक्षकाकडे जायला हवी. सहसा ती कपाटातच राहते.